फलाना वल्द फलाना, साकीन भालकी

निजामी अमदानीतल्या कागदांचे नमुने पाहिले की एक माणूस हमखास भेटतो. त्याचं नाव फलाना, बापाचं नाव फलाना, राहणार फलाण्या मौजेचा. माझी पुतणी बंगळुरात नोकरीला आहे. तिच्या कंपनीची गिऱ्हाइकं मेक्सिकोत, म्हणून ती स्पॅनिश शिकते. तिच्या वर्गात ‘नागरिक आणि सार्वजनिक जीवन’ हा धडा आला तसा तिने रोज पाच-सहा शब्द मला फोनवर धाडायचा नेम केला. त्यात एक शब्द आला ‘फुलानो’, म्हणजे अमका-तमका, कुणी एक. मी म्हटलं, हा तर आपल्या तहसिलीतला जुना अर्जदार!

अरब ७११ मध्ये स्पेनात उतरले. ग्रानादाचं शेवटचं मुसलमानी राज्य १४९२ मध्ये गेलं. मधल्या काळात अरबी शब्द तिथल्या चावडीत मुरले. आपल्याकडे तेच शब्द फारसीच्या बैलगाडीत बसून गुलबर्ग्याला आणि बिदरला उतरले. तिथला नगराध्यक्ष ‘आल्काल्दे’ म्हणजे मूळचा अल-काझी. जकात नाका ‘आदुआना’ म्हणजे दिवाण. आणि कोर्टाचा समन्स घेऊन दारात उभा राहणारा ‘आल्ग्वासिल’ म्हणजे चक्क वजीर.

वजिराचा बेलीफ झाला म्हणून हसू नये. शिवकाळात हवालदाराच्या हाती गडाच्या किल्ल्या असत. आज तो चौकात शिट्टी फुंकतो.

*

वहीत डाव्या बाजूला तिचे शब्द, उजव्या बाजूला आपल्याकडचे. उजवी बाजू लवकर भरते, कारण आपल्याकडे एका गोष्टीला चार सरकारांचे चार शब्द आहेत.

*

मराठीत नागरिक, म्हणजे नगरातला. उर्दूत शहरी. कानडीत पौर, म्हणजे पुरातला. स्पॅनिशमध्ये सिउदादानो, ‘सिउदाद’ म्हणजे शहर. सगळ्यांनीच नागरिक म्हणून शहरवाला धरला. औराद तालुक्यातला तुरीच्या रानात उभा असलेला माणूस कुणाच्याच हिशेबात आला नाही. त्याला निजामाच्या दप्तरात रयत म्हणत. कानडीत ‘प्रजे’ म्हणतात, आणि तो शब्द तिथे आजही भारताच्या नागरिकाला सर्रास वापरतात. मराठी कानाला प्रजा म्हटलं की समोर राजा दिसायला लागतो. कानडी माणसाला तसं काही वाटत नाही, त्याची लोकशाहीच मुळी ‘प्रजाप्रभुत्व’ आहे.

स्पॅनिशने एका ठिकाणी मात्र खेड्याची बूज राखली. ‘प्वेब्लो’ म्हणजे खेडं, आणि ‘प्वेब्लो’ म्हणजेच जनता. हे समजायला आम्हाला मास्तर लागत नाही. ‘सगळं गाव जमलं’ असं आपण म्हणतो तेव्हा घरं जमलेली नसतात.

*

कानडीतला ‘पौर’ पुस्तकाबाहेर सगळ्यात जास्त कुठे ऐकू येतो? पौरकार्मिक या शब्दात. पहाटे बिदरच्या रस्त्यावर झाडू घेऊन जो उतरतो तो पौरकार्मिक. बाकीचे आम्ही नुसते राहतो.

*

कानडीत आमदाराला ‘शासक’ म्हणतात. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला पहिल्यांदा दचकायला होतं: आपण याला निवडून दिला तो कायदे करायला, राज्य करायला नव्हे. मग एखादी लग्नसराई जाते, शासक मंडपात कसा येतो आणि लोक कसे बाजूला होतात ते पाहायला मिळतं. त्यानंतर हा शब्द खटकत नाही.

दुसरा असाच: ‘जात्यतीत’. आपण ज्याला धर्मनिरपेक्ष म्हणतो त्याला कानडीत जात्यतीत म्हणतात. देवेगौडांच्या पक्षाच्या नावातही तोच आहे. ज्या जिल्ह्यात बसवकल्याण आहे तिथे जातीच्या पलीकडे जाण्याची भाषा आठशे वर्षांची जुनी. ती भाषा पुढे मतदार यादीत कुठे गडप होते, हे विचारू नका.

*

माझं गाव हललं नाही, राज्यं हलली. १९४८ पर्यंत निजामाचं हैदराबाद संस्थान, मग हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्य, १ नोव्हेंबर १९७३ पासून कर्नाटक. शेजारचं गुलबर्गा २०१४ मध्ये कलबुर्गी झालं. २०१९ मध्ये हैदराबाद-कर्नाटकाचं कल्याण-कर्नाटक झालं. एका जन्मात एवढे पत्ते बदलायला एरवी माणसाला बदलीची नोकरी लागते.

१९५६ च्या त्या दिवशी जुन्या बिदर जिल्ह्याच्या तीन फोडी झाल्या. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्याला जोडून (पुढे १९८२ मध्ये ते लातूरला गेले). जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात. गुलबर्ग्याचे कोडंगल, तांडूर तिकडेच गेले. सोयरिकी मात्र जिथल्या तिथे राहिल्या. मामा उदगीरचा, आत्या जहीराबादेत, साडू आळंदला. दिवाळीला भाऊबीज करायची तर तीन राज्यांच्या बसगाड्या.

पण तुकडे पडले हे खरं कुठे समजतं, तर तलाठ्याकडे. कमालनगरच्या पुढे हद्द ओलांडून उदगिराकडे गेलात की शेतकरी ‘सातबारा’ म्हणतो. अलीकडे तोच कागद ‘पहाणी’ होतो. कर्नाटक सरकारच्या लेखी त्याला इंग्रजी आद्याक्षरांचं आरटीसी असं नाव आहे, पण ते नाव शेतकऱ्याच्या तोंडी बसलं नाही. पहाणी ही मराठी पाहणीच, शेतात उभं राहून पीक पाहिलं आणि लिहिलं ती. निजामाच्या उर्दू दप्तराने ती घेतली, तिथून ती तेलंगणात गेली आणि कानडीतही रुजली. पीक पाहण्याची ही मराठी चाल बंगळुराच्या संगणकात जाऊन बसली. २००० नंतर ‘भूमी’ योजनेत साऱ्या राज्याच्या पहाण्या संगणकावर आल्या तेव्हा तिथेही नाव तेच राहिलं. सीमाप्रश्नावर भाषणं करणाऱ्यांना मी हे सांगून पाहिलं. कुणी टाळी वाजवली नाही.

अर्ज कानडीत ‘अर्जी’ होतो, हक्क ‘हक्कु’ होतो, कचेरी कचेरीच राहते. हवी तर तपासून पाहा: ज्या शब्दांनी माणूस सरकारकडे काही मागतो ते आपल्याकडच्या भाषांत बहुतेक सारखे आहेत. सरकार ज्या शब्दांनी माणसाला नाव ठेवतं ते बदलत राहतात.

*

माली पाटील आणि पोलीस पाटील ही आमच्याकडे आडनावं आहेत. परगावच्या माणसाला वाटतं, माळी समाजाचे पाटील असतील. तसं नाही. निजामी खेड्यात दोन पाटील असत: एक ‘माली’, म्हणजे मालगुजारीचा, वसुली बघणारा, दुसरा पोलीस, दंगाधोपा बघणारा. हिशेब पटवाऱ्याकडे. हुद्दे केव्हाच गेले. आडनावं लग्नपत्रिकेवर राहिली, आणि कलबुर्गीच्या मतदार यादीत तर चांगलीच भरली आहेत. जिल्हाधिकाऱ्याला तेव्हा ‘अव्वल तालुकदार’ म्हणत. तिकडे अवधमध्ये तालुकदार म्हणजे जमीनदार. एक शब्द दोन मुलखांत दोन तऱ्हांनी जगला. अव्वल तालुकदार हे आडनाव मात्र कुणी लावल्याचं पाहण्यात नाही.

*

पुतणीने दोन शब्द एकदम पाठवले. ‘एस्त्रान्खेरो’ म्हणजे परदेशी. ‘फोरास्तेरो’ म्हणजे देशातलाच, पण परगावचा, बाहेरचा. तिने विचारलं, “काका, दुसऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात?”

गैरमुलकी.

या एका शब्दावर आमच्या भागाचा निम्मा इतिहास सांगता येतो. आधी बहमनी. १४२० च्या दशकात अहमदशहाने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. दरबारात दोन तट: दखनी, म्हणजे इथे मुरलेले, आणि आफाकी, म्हणजे इराण-तुराणाकडून आलेले. महमूद गवान इराणातल्या गिलानचा. त्याने १४७२ मध्ये बिदरात मदरसा बांधला. तो आजही अर्धामुर्धा उभा आहे, निळ्या-हिरव्या कौलांचे तुकडे अंगावर घेऊन. राज्याचा कारभार त्याने नीट लावला, तरफांची फेररचना केली, सरदारांचे हात आखडले. १४८१ मध्ये दखनी सरदारांनी त्याच्या शिक्क्याचं खोटं पत्र रचलं आणि सुलतानाने त्याला मारलं. बाहेरच्याला काम करू द्यायचं, पण काम फार चांगलं झालं तर त्याला बाहेरचा म्हणायचं, ही रीत पाचशे वर्षांहून जुनी आहे.

मग निजाम. उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले लोक येऊन हैदराबादच्या नोकऱ्या घेतात अशी ओरड झाली, आणि १९१९ मध्ये मुलकी नियम पक्के झाले. मुलकी कोण? जन्माने जो संस्थानची रयत तो. किंवा पंधरा वर्षं इथे राहिला आणि परत जाण्याचा इरादा सोडल्याचं ज्याने लिहून दिलं तो. किंवा मुलकी पुरुषाची बायको. इरादा सोडल्याचं शपथपत्र! माणसाने गाव सोडणं एक, आणि गावाची ओढ सोडल्याची सही करणं वेगळं. पण सरकारला तेवढंही कागदावर लागतं.

संस्थान गेलं, नियम राहिले. १९५२ मध्ये हैदराबादेत विद्यार्थी गैरमुलकींविरुद्ध रस्त्यावर आले. १९५६ मध्ये तेलंगण आंध्राला जोडलं गेलं तरी भांडण चालूच. शेवटी १९७३ मध्ये मुलकी नियम संपवले आणि त्यांच्या जागी घटनादुरुस्तीने ३७१-डी हे कलम आणलं. ते पाहून आमच्याकडच्या पुढाऱ्यांनी मागणी लावून धरली. २०१२ च्या अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने हैदराबाद-कर्नाटकासाठी ३७१-जे आलं. इथल्या नोकऱ्यांत आणि कॉलेजांत ‘स्थानिक व्यक्तीं’ना राखीव जागा. स्थानिक कोण? इथे जन्मलेला किंवा ठराविक दिवसाआधी दहा वर्षं इथे राहिलेला. पंधराची दहा वर्षं झाली आणि इरादा सोडल्याचं शपथपत्र गेलं. बाकी सांगाडा निजामाचाच आहे असं माझं मत आहे, आणि त्यात निजामाला नाव ठेवण्यासारखं काही नाही. शंभर वर्षांपूर्वी या भागात शाळा कमी होत्या. आजही बंगळुराशी तुलना केली तर कमीच आहेत. मागे राहिलेल्या मुलखाने आपल्या पोरांसाठी दार अडवून धरलं तर तो दोष मुलखाचा नव्हे.

गंमत वेगळीच आहे. या कलमात बळ्ळारीही आहे. निजामाने बळ्ळारी इंग्रजांना १८०० मध्येच देऊन टाकली होती. हैदराबाद-कर्नाटकाच्या नावाखाली हैदराबादशी दीडशे वर्षं संबंध नसलेला जिल्हाही बसला. मागासलेपण हे नकाशापेक्षा मोठं असतं, हे तिथल्या आमदारांनी बरोबर ओळखलं.

स्पेनमध्ये, पुतणी सांगते, परक्याला नागरिक व्हायचं तर साधारण दहा वर्षांचा वास लागतो. लॅटिन अमेरिकेतून आलेल्याला दोनच वर्षं. मग घटनेवर आणि समाजजीवनावर पंचवीस प्रश्नांची परीक्षा, पंधरा बरोबर आले की पास. आमच्या तालुक्यातल्या किती शासकांना त्यातले पंधरा येतील याचा अंदाज मी बांधत नाही.

*

‘बेसीनो’ म्हणजे शेजारी. जुन्या कास्तीलमध्ये त्याच शब्दाचा अर्थ गावचा हक्कदार असाही होता: ज्याने गावात घर केलं, गावाचा कर भरला, गायरानावर ज्याची गुरं चरतात तो. राजाचं फर्मान लागत नसे, गावाने मानलं की झालं. आजही तिथे नगरपालिकेच्या ‘पाद्रोन’ नावाच्या वहीत राहणाऱ्याचं नाव चढतं आणि पुढची बरीच कामं त्या वहीवर होतात.

*

जड गोष्ट थोडक्यात लिहितो, कारण न लिहिता पुढे जाता येत नाही. १९४८ च्या मे महिन्यात रझाकारांनी बसवकल्याणकडच्या गोर्टा गावात माणसं कापली. तिथे आता स्मारक आहे. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला संस्थान शरण आलं. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमानांची कत्तल झाली. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वांत वाईट झळ बसलेले म्हणून चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. संस्थानभर मेलेल्यांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणात पहिली गोष्ट येते, दुसरी येत नाही. २६ जानेवारी १९५० ला आम्ही सगळे एकाच दिवशी भारताचे नागरिक झालो, पण प्रत्येक गल्लीने त्याची सारखीच किंमत मोजली नव्हती.

*

निजामी राजवटीत सभा घ्यायची तर परवानगी लागे. ‘गश्ती निशान त्रेपन्न’ हा हुकूम १९२० च्या दशकाअखेरीस आला. गश्ती म्हणजे परिपत्रक. त्या परिपत्रकाने व्याख्यान, परिषद, मेळावा सगळं तालुकदाराच्या मर्जीवर गेलं. खासगी शाळांवर त्याआधीच बंधनं होती. म्हणून मराठी माणसं वाचनालयांत, गणपतीत, कीर्तनात भेटत. गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय १९०७ चं. अशा शाळा म्हणजे सार्वजनिक जीवनाची चोरवाट होती. महाराष्ट्र परिषद १९३७ मध्ये परतूरला भरली ती याच घुसमटीतून. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठात आणि गुलबर्ग्याच्या कॉलेजात पोरांनी वंदे मातरम् म्हटलं, त्यांना काढून टाकलं, आणि पुष्कळांनी नागपूर विद्यापीठाची वाट धरली.

हैदराबाद मुक्तीच्या चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ. १९५२ मध्ये ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले, १९५७ मध्ये औरंगाबादेतून. मधल्या काळात दोन मतदारसंघांच्या मध्ये राज्याची हद्द आली होती. हैदराबाद राज्य मोडून भाषेप्रमाणे वाटावं ही मागणी करणाऱ्यांत ते स्वतः पुढे होते. गुलबर्ग्याने त्यांना मराठी का कानडी असं विचारलं नाही. आज विचारतील.

*

नागरिकत्वाचा खरा धडा भालकीच्या बसस्टँडवर मिळतो.

जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. कंडक्टर शून्य रकमेचं तिकीट फाडतो, लोक त्याला ‘झिरो तिकीट’ म्हणतात. अट एकच: कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र. मोफत प्रवास राज्याच्या हद्दीत. त्याच वर्षी मार्चपासून महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट. भालकीची लेक उदगिरात दिली. आधारवर सासरचा पत्ता. ती माहेरी आली की बहिणीला झिरो तिकीट आणि हिला पूर्ण. एकाच सीटवर, एकाच आईच्या दोघी. “मी काय परदेशातून आले का गं?” असं ती म्हणते. मी मनात म्हणतो, फोरास्तेरा.

पैशाचा हिशेबही असाच. भालकीत घरची कर्ती बाई म्हणून शिधापत्रिकेवर जिचं नाव, तिला गृहलक्ष्मीचे महिन्याला २००० रुपये. उदगिरात लाडक्या बहिणीला १५००. आता उदगिरातली बाई जन्माने कर्नाटकातली, महाराष्ट्राचा जन्मदाखला कुठून आणणार? तर २०२४ च्या त्या योजनेतच वाट काढलेली आहे: परराज्यात जन्मलेल्या बाईचं लग्न महाराष्ट्रातल्या पुरुषाशी झालं असेल तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास चालतो. वाचलं आणि १९१९ आठवलं. मुलकीची बायको ती मुलकी. बहीण लाडकी खरी, पण ओळख नवऱ्याच्या कागदावर.

सासवा आता सून निवडताना हद्दीच्या अलीकडची का पलीकडची ते बघतात, असं मी ऐकलं. खोटं असेल. पण सांगणारी बाई हसत नव्हती.

*

२०२० च्या नोव्हेंबरात बसवकल्याणची पोटनिवडणूक डोळ्यांसमोर ठेवून कर्नाटक सरकारने मराठा समाजासाठी विकास मंडळ जाहीर केलं. कन्नड संघटना खवळल्या, डिसेंबरात बंद झाला. त्यांना वाटलं मराठीला पैसा दिला. सरकार सांगत राहिलं, मराठा ही जात, मराठी ही भाषा. दोन्ही बाजू खऱ्या होत्या आणि दोन्ही बाजूंना समजून घ्यायची घाई नव्हती. बसवकल्याणात मराठा घरात कानडी बोलणारे आहेत आणि लिंगायत घरात मराठी बोलणारेही.

पुढचा अंक हद्दीपलीकडे झाला. २ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्राने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधण्याचा निर्णय काढला. त्याआधीपासून न्यायमूर्ती शिंदे समिती निजामी दप्तरं उलथीपालथी करत होती, उर्दू आणि मोडी वाचणारे म्हातारे शोधत होती. जे गॅझेटियर लातूरला लागू ते त्याच संस्थानातल्या भालकीला नाही, कारण भालकी आता दुसऱ्या राज्यात. एका पणजोबाची दोन पणतवंडं: एकाला कुणबी दाखल्याची आशा, दुसरं कर्नाटकाच्या ‘३-ब’ यादीत. पणजोबाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी रयत.

*

बसवकल्याणला नवा अनुभव मंटप बांधायचं काम २०२१ मध्ये हाती घेतलं. बसवण्णा-अल्लमप्रभूंच्या मंडळीला जगातली पहिली संसद म्हणायची पद्धत आहे. संसद म्हणून ती कितपत टिकेल याची मला शंका आहे. चांभार, नावाडी, धोबी आणि बायका एका जाजमावर बसून वाद घालत, एवढं पुरेसं आहे. त्याला वेस्टमिन्स्टरचा सदरा घालायची गरज नाही. त्याच कल्याणात बसवण्णांच्या आधी विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. वारसाहक्काच्या खटल्यांत इंग्रज न्यायाधीशही तिचा आधार घेत. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, राज्य पुनर्रचनेच्याच सालचा. एका वर्षात आमची हद्दही बदलली आणि वाटणीही.

*

आता सीमेच्या भांडणाबद्दल. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी ही घोषणा लहानपणी मीही दिली. महाजन आयोग १९६६ चा, अहवाल १९६७ चा, तो महाराष्ट्राने फेटाळला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ८६५ गावांचा विषय निघाला की मुंबईत ठराव होतो आणि बंगळुरात त्याचा निषेध. २०२३ मध्ये महाराष्ट्राने या गावांना आपली आरोग्य योजना देऊ केली, त्यावरही तेच झालं. बेळगावात घोषणेला धार आहे. बिदरकडे ती केव्हाच बोथट झाली. माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी मराठीत, कानडीत, उर्दूमिश्रित हिंदीत पदं केली. गाणगापूरला पुण्याचा भक्त कानडी पुजाऱ्याकडून मराठी गुरुचरित्र ऐकतो, आणि ते लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मायबोली कानडी. असल्या मुलखात धार टिकणं कठीणच.

म्हणून दावा दिल्लीत चालू द्यावा आणि आपण कचेरीतली कानडी शिकून घ्यावी, हे माझं मत मी भालकीच्या कट्ट्यावर मांडतो. काहींना ते फितुरी वाटते. मला वाटतं, नाडकचेरीत ‘वासस्थळ’ म्हणजे रहिवास हे ज्याला समजत नाही त्याचा अर्ज एजंट भरतो, आणि एजंट भाषेचे पैसे घेतो. मतगट्टे म्हणजे मतदान केंद्र, पडितर चीटी म्हणजे रेशन कार्ड, कंदाय म्हणजे महसूल. एवढं शिकल्याने कुणाची मराठी आटत नाही. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कानडी सक्तीची झाली, तेव्हा नवी पोरं ते शिकतीलच. प्रश्न आपल्या वयाच्या लोकांचा आहे.

पण सरकारलाही काही देणं आहे, आणि ते मागताना लाजू नये. घटनेचं ३५०-अ कलम मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं. कर्नाटक सरकार आजही मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकं छापतं, ही गोष्ट महाराष्ट्रात फार जणांना माहीत नसते. ३५०-ब कलमाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त आहे. ज्या भागात पंधरा टक्के किंवा जास्त लोक एखादी अल्पसंख्य भाषा बोलतात तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही काढाव्यात, हे १९६१ पासून राज्यांनी मान्य केलेलं आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांच्या कचेऱ्यांत मराठी सूचना किती लागतात ते येता-जाता पाहावं.

हे पंधरा टक्के मोजतात जनगणनेवरून. २०२७ च्या जनगणनेसाठी प्रगणक दारात येईल. तो मातृभाषा विचारेल आणि आणखी येणाऱ्या दोन भाषा विचारेल. मातृभाषा सांगाल तीच त्याने लिहायची असते, त्याच्या मनची नाही. घरी मराठी असेल तर मराठी सांगा, शेजारी काय सांगतो ते बघून बदलू नका. कानडी येत असेल तर तीही न चुकता लिहवा, उर्दू येत असेल तर उर्दूही. आणि त्याने काय टिपलं ते तो उठायच्या आत वाचून घ्या.